पाठीने पाहिलेले सारस

आत्याच्या लोखंडी ट्रंकेच्या झाकणाला आतून एक कात्रण चिकटवलेले आहे. आठ ओळी, एक कॉलम, फोटो नाही. कागद चहाच्या रंगाचा झाला आहे. भाताच्या खळीने चिकटवल्यामुळे दोन कोपरे झुरळांनी खाल्ले आहेत. बातमी सारस पक्ष्यांच्या घरट्याची आहे. खाली वार्ताहराचे नाव नाही. जिल्ह्याच्या पानावरच्या आठ ओळींना तेव्हा नाव देत नसत. ती बातमी मी लिहिली होती. तिच्यातला प्रत्येक शब्द खरा आहे.

परवा शाल काढण्यासाठी ट्रंक उघडली तेव्हा डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर हे कात्रण पुन्हा समोर आले. धान घरात येऊन पडले आहे. अंगणात तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग आहे आणि त्याचा कोरडा, गोडसर वास माजघरापर्यंत येतो. आत्या बाजेवर बसून उन्हाकडे पाय करून होती. मी झाकण बराच वेळ उघडे धरून ठेवले, तेव्हा ती म्हणाली, "लाव ना वो ते झाकन. पोथी वाचून राहिल्यावानी उभी राहिली."

आम्ही तिरोड्याला राहत होतो. वीजकेंद्राच्या चिमण्या तेव्हा तिथे नव्हत्या. गावाबाहेर पडले की क्षितिजापर्यंत धानच असे. वडील पोस्टात होते. पोळ्याच्या सुट्ट्या लागल्या की मला आत्याकडे, म्हणजे त्यांच्या मोठ्या बहिणीकडे, धाडत. गोंदियाला गाडी बदलायची, सडक अर्जुनीला उतरायचे. तिथे हायवेच्या कडेला आत्याचे यजमान सायकल घेऊन उभे असत. त्यांना आम्ही मामाजी म्हणत असू. तिथून पुढचा रस्ता कोणत्या दिशेने जातो, ते या लेखात येणार नाही.

रस्ता वगळला तरी वास सांगता येतो. ट्रकांचा डिझेलचा धूर आणि ढाब्यावरची लसणाची फोडणी सायकलच्या पहिल्या वळणापर्यंत सोबत असे. मग ओल्या शेणाचा वास. मग साचलेल्या पाण्याचा, त्यात कुजणाऱ्या गवताचा. शेवटी, गावाच्या अलीकडे, कोणाच्या तरी शेतात सुवासिक धान निसवलेले असे आणि तो वास एकदम अंगावर येई. मामाजी पायडल मारायचे थांबवत. सायकल उतारावर आपोआप जाई. "घे," ते म्हणत, "भात शिजाच्या आंधी वास घेऊन घे. जेवाले बसल्यावर आत्या लवकर हात धुवाले लावते."

आत्याचे नाव कौसल्या. दोन एकर जमीन, एक बैलजोडी, भिंतीवर निळ्या चौकटीतला बुद्धाचा फोटो. दारातून कोणी "जयभीम" म्हणाले की ती आवाजावरून माणूस ओळखून, न वळता उत्तर देई. न वळता उत्तर देणे ही तिची सवय होती, आणि ती शेतातून आलेली होती, हे मला नंतर कळले.

तिच्या बांधीच्या, म्हणजे चारी बाजूंनी मातीचे धुरे घालून पाणी अडवलेल्या धानाच्या तुकड्याच्या, खोलगट भागात दर पावसाळ्यात सारसाची एक जोडी घरटे करी. रोवणीच्या वेळी बाया चिखलात वाकून ओळीने रोपे लावत जात, आणि त्या भागाशी आल्या की ओळ आपोआप दुभंगे. एका खोलीएवढी जागा मोकळी सोडून पलीकडे पुन्हा जुळे. कोणी सांगत नसे, कोणी विचारत नसे. पुढे काही दिवसांनी आत्या घरी येऊन पाय धुता धुता म्हणे, "पावने आले." एवढीच बातमी. शेजारीण विचारे, "आले का वो पावने?" आत्या म्हणे, "आले." अंडी किती, घरटे कुठे, हे प्रश्न त्या गावात विचारले जात नसत.

मी पहिल्यांदा तिच्याबरोबर निंदणाला, धानातले तण काढायला, गेले तेव्हा नऊ वर्षांची असेन. धुऱ्यावर उभी राहून मान उंच करून मी पाहत होते. हिरव्या धानातून एक लाल मान वर आली, माझ्याइतकी उंच.

"का वो पोरी, तिकडं कायले पाहून राहिलीस?"

"सारस."

"मंग पाठ कर तिकडं."

मला वाटले ती रागावली. ती रागावली नव्हती, शिकवत होती. तिने मला खांद्याला धरून फिरवले आणि निंदणाऱ्या बायांकडे बोट केले. पाचही जणी घरट्याकडे पाठ करून वाकल्या होत्या.

"तोंड दिसलं का तो उभा रायते," आत्या म्हणाली. "पाठ दिसली का बसून रायते. मानूस पाहाले आला का कामाले आला, ते त्याले समजते."

मामाजी पलीकडच्या धुऱ्यावर खेकड्याचे बीळ बुजवत होते. ते म्हणाले, "मले बी पाठच दाखवते तुही आत्या. तवाच टिकून आहो मी."

"टिकले मनून खेकडे धरून राहिले," आत्या म्हणाली, तीही न वळता.

त्यानंतरच्या सगळ्या पावसाळ्यांत मी सारस पाठीने पाहिले. हे ऐकायला विचित्र वाटते, पण त्यात पाहण्यासारखे बरेच असते. आधी कान लागतो. नर एकदा लांब हाक देतो, मादी लगेच दोन आखूड हाका देते. दोन्ही इतक्या जवळ की नवख्याला एकच पक्षी ओरडतो असे वाटावे. पंख झाडल्याचा आवाज ओली गोधडी झटकल्यासारखा असतो. घरट्यावरची जोडीदारीण उठते तेव्हा पाण्यात टपटप थेंब पडतात, आणि दुसरा येऊन बसेपर्यंत काहीच ऐकू येत नाही. त्या शांततेत निंदणाऱ्या बायाही बोलायच्या थांबत. मग गवताची सळसळ होई, पक्षी बसे, आणि गप्पा अर्ध्या वाक्यापासून पुढे चालू होत.

संध्याकाळी सावली येई. आम्ही उगवतीच्या धुऱ्यावर, मावळतीकडे पाठ करून बसलेलो असू. ऊन उतरले की मागच्या सारसाच्या मानेची सावली धानाच्या शेंड्यांवरून सरकत आमच्या बाजूने पुढे निघे आणि समोरच्या बांधीत पडे. वारा आला की धान हले, सावली मोडे, पुन्हा जुळे. सावलीने मान वाकवली की मागे पक्ष्याने वाकवली. सावल्या दोन झाल्या की जोडीदार आला. आत्या विळा मांडीवर ठेवून ते बघत बसे. घरी जायला उशीर होई. चुलीवरचे काम पडून असे, तरी ती उठत नसे.

तिच्या तोंडून 'सुंदर' हा शब्द मी कधी ऐकला नाही. फार झाले तर "बरा दिसते," म्हणे. धानाचे रंग मात्र तिला इतके माहीत होते की त्यांना मी आजही शब्द पुरवू शकत नाही. नुकत्या लावलेल्या रोपाचा आजारी पिवळा, आठ दिवसांनी मूळ धरल्यावरचा हिरवा, पोटरीत आलेल्या धानाचा काळपट हिरवा, आणि निसवल्यानंतर वरून पडणारी पांढुरकी झाक. पाणी ती बोटांनी सांगे: चार बोटे, घोटाभर, पोटरीभर. घरटे उगवतीच्या धुऱ्यापासून किती पावलांवर आहे, हेही तिला ठाऊक असे. एका वर्षी तिने तो आकडा मला सांगितला. मला वाटते, तिने मला दिलेली ती सर्वांत मोठी वस्तू होती.

पुढे मी गोंदियात एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात लागले. तिथेही 'सुंदर' हा शब्द चालत नसे. उपसंपादक लाल पेनाने विशेषणे कापत आणि समासात लिहीत: कोण, काय, कुठे, केव्हा. मला ते जड गेले नाही. आत्याकडे सुट्ट्या काढलेल्या मुलीला विशेषणांची फारशी गरज नव्हती.

नोकरीच्या दुसऱ्या पावसाळ्यात मी आत्याकडे गेले, पावणे आलेले होते, आणि सोमवारी पान भरायला मजकूर कमी होता. मी आठ ओळी लिहिल्या. गावाचे नाव दिले. हायवेवरून कोणत्या फाट्याने वळायचे ते दिले. कितवी मोरी, कोणत्या हाताला आंब्याचे झाड, शेतमालक कौसल्याबाई यांच्या बांधीत, उगवतीच्या धुऱ्यापासून इतक्या पावलांवर, दोन अंडी. उपसंपादकांनी एकही शब्द कापला नाही. "ऐसी कॉपी चाहिए," असे ते सगळ्यांसमोर म्हणाले. मी घरी जाताना समोसे घेऊन गेले.

रविवारी लोक गेले. मामाजींनी मोटरसायकली मोजल्या, बावीस होत्या. लोक वाईट नव्हते. काहींनी बायकामुले आणली होती, डबे आणले होते. कोणी दगड मारला नाही, कोणी अंड्याला हात लावला नाही. ते फक्त धुऱ्यावर तोंड करून उभे राहिले, सकाळपासून ऊन उतरेपर्यंत. जरा जवळून दिसावे म्हणून काही जण बांधीत उतरले. दोन्ही सारस दूर, तलावाच्या पाळीखाली जाऊन उभे राहिले आणि लोक निघून गेल्यावरही परत आले नाहीत.

हे मला आत्याने कळवले नाही. पुढच्या रविवारी मी नेहमीसारखी गेले, तेव्हा मामाजी सायकल घेऊन आले होते, पण उतारावर पायडल मारत राहिले. बांधीत धान आडवे झाले होते. बुटांच्या खड्ड्यांत पाणी साचून त्यावर तेलकट तवंग आला होता. घरट्यात एकच अंडे उरले होते; दुसरे कावळ्यांनी फोडले असावे. आत्याने वाकून त्याला हाताची मागची बाजू लावली, जशी तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात. मग मला लावायला सांगितली. अंडे बांधीतल्या पाण्याइतकेच गार होते.

मी म्हटले, "आत्या, मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं."

"खोटं कोन मनते वो? खरंच लिहिलंस." तिने हात लुगड्याला पुसला. "पन सारंच काऊन लिहिलंस?"

तो प्रश्न तिने पुन्हा कधी विचारला नाही.

पुढच्या वर्षी जोडी तिच्या बांधीत आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. दूरवरून हाक ऐकू येई, म्हणजे कोणाकडे तरी पावणे होते. कोणाकडे, ते आत्या विचारत नसे. मी दर पोळ्याला जात राहिले. बैलजोडी विकली गेली, ट्रॅक्टर आला, निंदणाच्या जागी फवारणी आली. सुवासिक धान पेरणारी दोनच घरे उरली, मग एकही नाही, आणि उताराच्या त्या वळणावर आता वास येत नाही. मामाजी एका उन्हाळ्यात गेले. त्यांची सायकल तुळईला टांगलेली आहे. आत्याच्या डोळ्यांवर पडदा आला; एका डोळ्याचे ऑपरेशन केले, ते फारसे साधले नाही.

एक गोष्ट बदलली नाही. रोवणीच्या वेळी खोलगट भागाशी आल्यावर बायांची ओळ दुभंगत राहिली. दर वर्षी खोलीएवढी जागा मोकळी. गावातल्या नव्या सुनांपैकी एकीने एकदा विचारले, "आत्याबाई, इथं रोप लावाचं राहून गेलं का?" आत्या म्हणाली, "राहून नाही गेलं. ठेवलं."

मला ती जागा दिसू नये असे वाटे. म्हणून मी धुऱ्यावर बसले की सवयीने पाठ करून बसे, मागे काही नसतानाही.

या वर्षी पोळ्याच्या आधी आत्याचा फोन आला. इतर काहीबाही बोलली: पानी बरा पडला, मांजर व्याली, शेजारच्या पोराचं लग्न ठरलं. शेवटी म्हणाली, "पावने आले." आणि मी काही बोलायच्या आत, "येजो. एकटीच येजो."

मी दोन दिवसांची रजा टाकली. रजेचे कारण लिहावे लागते आणि खोटे लिहायची सवय नाही. 'आत्याकडे, सारस' एवढे लिहिले. चूक तिथेच झाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही उगवतीच्या धुऱ्यावर बसलो. मी आत्याला हात धरून नेले होते. बसल्याबसल्या ती धुऱ्यावरचे गवत हाताने चाचपत उपटत होती. मी तिला मावळतीकडे पाठ करून बसवू लागले तेव्हा म्हणाली, "कसंबी बसव ना वो. मले आता काई दिसत नाही, माही पाठ काय नि तोंड काय." तरी बसली ती नीट पाठ करूनच.

धान पोटरीत होते. पाणी घोटाभर असावे. मी विचारले तेव्हा तिने हात बुडवून "घोट्याच्या वर," असे दुरुस्त केले. मागे पंख झाडल्याचा आवाज आला. मग थेंब, मग शांतता. मग गवताची सळसळ. ऊन उतरू लागले आणि मानेची सावली शेंड्यांवरून सरकत आमच्या बाजूने पुढे गेली.

"सावली आली का?" आत्याने विचारले.

"आली."

"एक का दोन?"

"एक."

"दुसरा बसला असन."

तेवढ्यात फोन वाजला. कार्यालयातला सहकारी होता. मी रजेच्या अर्जात लिहिलेला शब्द त्याने वाचला होता.

"मॅडम, सारस मिला क्या? फोटो भेजो ना. और लोकेशन डाल दो, अपना फोटोग्राफर सुबह निकल जाएगा. बड़ा छापेंगे, आपके नाम से."

मी थांबायला सांगितले. आत्याचा हात गवतावर थांबला होता.

"कोन होय?"

"हापिसातला."

"का मनते?"

"कुठं आहे, मनून विचारून राहिला."

ती पुन्हा गवत उपटू लागली, पण आता त्याच त्या जागेवर, जिथे गवत उरले नव्हते. समोरच्या बांधीत सावली हलली नाही.

मी फोन कानाला लावला. "गोंदिया जिल्ह्यात आहे," मी म्हटले.

"वो तो मालूम है, मॅडम. जिले में कहाँ?"

"जिल्ह्यात," मी म्हटले आणि फोन बंद करून पिशवीत ठेवला.

आत्याने हातातले गवत पाण्यात टाकले. "जिल्हा मोठा आहे," ती म्हणाली. "बरा आहे."

तिथेच बसून मी वहीत बातमी लिहिली आणि तिला वाचून दाखवली. 'गोंदिया जिल्ह्यातील एका बांधीत यंदा सारसाच्या जोडीने घरटे केले आहे. अंडी मोजलेली नाहीत. शेतमालकाने रोवणीच्या वेळी जागा मोकळी ठेवली होती.' तीन वाक्ये. तिने पुन्हा वाचायला लावले. मग विचारले, "माहं नाव नाही?"

"नाही."

"मंग हे का चिकटवू मी ट्रंकेत?"

मी तेव्हा तिला विचारले, जे इतक्या वर्षांत विचारले नव्हते: ते जुने कात्रण तिने फाडून का टाकले नाही?

"कायले फाडू? चूक तुही होती, नाव तं माहं होतं ना," ती म्हणाली आणि तोंडावर पदर धरून हसली, आवाज होऊ नये म्हणून. मागे घरट्यावर कोणी उठले नाही.

निघताना मी तिला उठवू लागले तेव्हा तिने माझे मनगट दाबले. "थांब. आयक."

नराने लांब हाक दिली. मादीने दोन आखूड. त्यानंतर, पाण्याच्या अगदी लगत, एक बारीक शीळ आली. पिपाणीत फुंकर अर्धवट जावी तशी. पुन्हा आली.

माझी मान वळणार होती. आत्याचा हात मनगटावर होता, पण तिने आवळला नाही. मी वळले नाही. समोरच्या बांधीत दोन लांब सावल्या होत्या. तिसरी इतकी लहान असणार की ती धानाच्या वर आलीच नव्हती. ऊन जाऊन त्या दोन्ही पुसल्या जाईपर्यंत आम्ही बसून राहिलो.

शीळ मी बातमीत घातली नाही. इथे लिहिते आहे, कारण आता धान कापून झाले आहे, बांधी कोरडी आहे आणि पावणे पिलाला घेऊन तलावाकडे गेले आहेत. आज सकाळी शाल गुंडाळून मी बांधीत उतरले. खोलगट भागात, उभ्या धसकटांच्या मध्ये, गवताचा एक चपटा ढीग उरला आहे. सायकलच्या चाकाएवढा असेल. मी त्याच्याकडे तोंड करून उभी राहिले; गार अंड्याचा तो दिवस सोडला, तर नऊ वर्षांची असताना राहिले होते, त्यानंतर पहिल्यांदाच.

धुऱ्यावरून आत्याने हाक मारली, "का दिसून राहिलं वो?"

"गवत."

"आनिक?"

मी खाली वाकून पाहिले. ढिगाच्या कडेला एक राखाडी पीस अडकले होते. काढले नाही.

"बरं दिसते," मी म्हटले.

"हाव," आत्या म्हणाली. ती धुऱ्यावर, मावळतीकडे पाठ करून बसली होती.